अर्धी कोण जी?

"बोलला."

सोल्डरिंगचं आयर्न तापलं की ती त्याचं टोक ओल्या स्पंजाला टेकवायची, मान तिरकी करून कान द्यायची आणि चर्र झालं की एवढंच म्हणायची. "बोलला. चला जी, आता कामाले लागा." बाकीच्या बाया आयर्न तापत ठेवून गप्पा हाणत बसायच्या. कुणी टोकाच्या रंगावरून अंदाज घ्यायची, कुणी धुरावरून. हिचा भरवसा कानावर. हिचं आयर्न बोलल्याशिवाय अख्ख्या ओळीत कुणी कामाला हात लावत नसे. आमच्या कारखान्याला भोंगा नव्हता, आणि तिच्यामुळे तो कधी लागलाही नाही.

अशी बाई तुम्हीही कुठेतरी पाहिली असेल. जिच्यावाचून काम सुरू होत नाही, आणि जिचं नाव विचारलं तर आपल्याला चटकन सांगता येत नाही. मी तर तिला अकरा वर्षं रोज पाहत होतो. नुसता पाहत नव्हतो, मोजत होतो. माझं कामच ते होतं. आणि मोजण्यातच मी तिचं काय केलं ते सांगायला आज बसलोय. लाज वाटते, पण न सांगता राहणं आता जमत नाही.

आंधळगावहून मोहाडीकडे जाताना रस्त्याला लागून एक लांब पत्र्याचं शेड होतं. शेतातल्या पंपाचे स्टार्टर आणि त्यात बसणारे बोर्ड तिथे तयार व्हायचे. आसपासच्या गावांतल्या पंचवीस-तीस बाया बोर्डावर टाके मारायच्या, म्हणजे सोल्डर करायच्या. मी हजेरीबाबू. सकाळी सह्या घ्यायच्या, महिन्याचा हिशेब जुळवायचा आणि वर्षातून एकदा सरकारचं मोठं विवरणपत्र भरायचं. किती माणसं, कोणत्या कामाची, किती दिवस. माझ्या रजिस्टरात खाडाखोड नसायची. शेठ पाहुण्यांना माझं रजिस्टर उघडून दाखवायचे आणि मी उगाच टेबलावरची धूळ झटकायचो.

त्या विवरणपत्रात पहिला प्रश्नच अवघड. कारखाना कशाचा? इलेक्ट्रिकचा की इलेक्ट्रॉनिक्सचा? दोन्हींचे संकेतांक वेगळे. स्टार्टर म्हटलं तर इलेक्ट्रिक, त्यातला बोर्ड म्हटलं तर इलेक्ट्रॉनिक्स. शेठ म्हणायचे, ज्यात सवलत जास्त ते लिहा. मी पुस्तिका उलटीपालटी करून डोकं खाजवत बसलो होतो, तर ही पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "काय झालं जी, बाबूजी?"

मी वैतागून सांगितलं.

"त्याच्यात काय हाये? वायर जाड असली त बिजलीचं, बारीक असली त इलेक्ट्रॉनिकचं. आपली त केसावानी बारीक हाये."

मी हसलो आणि इलेक्ट्रॉनिक्स लिहून टाकलं. कुणीही कधी हरकत घेतली नाही. आता गंमत अशी की कारखान्याला एकदा संकेतांक लागला, की आतलं प्रत्येक माणूस त्या उद्योगात मोजलं जातं. दारावरचा चौकीदारसुद्धा इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातला. कोण काय करतं, कुशल की अकुशल, ते वेगळ्या खान्यात. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं होतं. तिला असल्या गोष्टींची भारी हौस.

आणखी एक हिशेब होता. वर्षभराच्या हजेऱ्यांची बेरीज करायची, कारखाना जितके दिवस चालला त्या दिवसांनी भागायचं, आणि जे येईल ती माणसं. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धान लावायच्या हंगामात, निम्म्या बाया बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, चिखलात उभ्या असायच्या. त्यामुळे उत्तर कधी सरळ यायचं नाही. एका वर्षी मी मोठ्याने म्हणालो, "बायांनो, सरकारी हिशेबाने तुम्ही साडेसव्वीस आहात."

सगळ्या हसल्या. ही मान वर न करता म्हणाली, "साडेसव्वीस? अर्धी कोण जी?"

"ती मी सोडून देतो. पूर्ण आकडा लिहायचा असतो."

"मंग मीच असन ते," ती म्हणाली आणि पुढचा बोर्ड ओढला.

ती असं का म्हणाली ते तेव्हा मला ठाऊक होतं. म्हणून तर मी सगळ्यांत मोठ्याने हसलो होतो.

झालं होतं असं. सहीच्या रजिस्टरात एका कार्डाची सही काही आठवडे उजवीकडे कलायची आणि काही आठवडे डावीकडे. नाव तेच, अक्षरं तीच, कल उलटा. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण मी दिवसभर सह्याच बघणारा माणूस. एका सकाळी मी टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो, तर बाई डाव्या हाताने टाका मारत होती. मागच्या आठवड्यात याच खुर्चीवरची बाई उजव्या हाताने मारत होती, हे मला पक्कं आठवत होतं.

मी तिला बाजूला बोलावलं. तिने काही लपवलं नाही. कार्ड तिच्या थोरल्या जावेचं. थोरली बाळंतपणासाठी घरी बसली तेव्हा जागा जाऊ नये म्हणून ही धाकटी तिच्या जागी आली. फोटोत कपाळापर्यंत पदर, आणि मी आपला खाली मान घालून सह्या घेणारा. चालून गेलं. मग दोघींनी वाटणी केली, एक आठवडा एकीने कारखाना आणि दुसरीने बांधी, पुढच्या आठवड्यात उलट.

"आमी दोघी मिळून एक धरा न, बाबूजी," ती म्हणाली. "घर एक, चूल एक, कार्ड एक. तुमचं त काही बिघडत नाही."

खरंच बिघडत नव्हतं. हजेरीचे दिवस बरोबर भरत होते. फक्त माणूस एक कमी दिसत होतं. मी तिथल्या तिथे दुसरं कार्ड काढायला हवं होतं. शेठला सांगितलं तर ते एकीला घरी बसवतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती थापच होती. दुसरं कार्ड म्हणजे नवा अर्ज, नवा फोटो, मागच्या पानांत दुरुस्ती, आणि मला खाडाखोड आवडत नव्हती. एवढंच कारण होतं, आणि हे कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे थोरलीचं मन बांधीतच रमलं आणि हिचं टाक्यांत. वाटणी आपोआप मोडली. कार्ड थोरलीचं आणि खुर्चीवर कायम धाकटी. शेडमध्ये सगळ्या तिला थोरलीच्याच नावाने हाक मारायच्या, आणि ती ओ द्यायची.

तिच्या हाताबद्दल सांगायला हवं. नव्या पोरी आल्या की त्या आधी हिच्याकडे बसायच्या. टाक्यावर सोल्डर जास्त झालं की ही म्हणायची, "टाका कसा दिसला पायजे? पोटभर जेवल्यासारखा. याले त अजीर्ण झालं, बाई!" कमी पडलं की, "अवं, उपाशी ठेवलं काहून त्याले?" पोरी हसत हसत शिकायच्या. कच्चा टाका दिसायला चांगला असतो आणि शेतात जाऊन दगा देतो. ती बोर्डाच्या कडेला नखाने टिचकी मारायची, कान द्यायची आणि नेमकं बोट ठेवायची. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर चटक्यांचे बारीक पांढरे ठिपके होते. शेतकरी बंद पडलेला स्टार्टर घेऊन थेट शेडच्या दाराशी यायचे आणि "डावी बाई हाये का?" असं विचारायचे.

एकदा सिहोऱ्याकडचे एक काका तणतणत आले. तीन दिवस पंप उभा, परे, म्हणजे धानाची रोपं, सुकायला लागलेली, तुमचा माल असा नि तुमचा माल तसा. शेठ आतल्या खोलीत दडले. हिने स्टार्टर घेतला, हलवला, कानाशी धरला. "काका, याले काही झालं नाही. भाडेकरू आले याच्यात." झाकण उघडून उलटा आपटला, तर आतून मुंगळ्यांचं अख्खं गाव बाहेर पडलं. काकांचा राग कुठल्या कुठे गेला. जाताना ते मला म्हणाले, "या बाईले जपून ठेवा, बाबूजी." मी हो म्हणालो.

एका पंधरा ऑगस्टला शेठनी सर्वांत जास्त हजेरीसाठी बक्षीस ठेवलं. यादी मी काढली. रोवण्याच्या दिवसांतसुद्धा एकही दांडी नसलेलं एकच कार्ड होतं. बक्षीस कार्डावरचा फोटो ताडून द्यायचं होतं, म्हणून थोरलीला शेतातून बोलवावं लागलं. बिचारी लाजत पुढे आली आणि स्टीलचा डबा घेऊन गेली. ही मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती, सगळ्यांत शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात भाजी-भाकर घेऊन ती कामावर आली. "पाहा जी बाबूजी, डबा बराबर आपल्या जागी आला." मलाही ते गमतीदार वाटलं. तेव्हा मला बऱ्याच गोष्टी गमतीदार वाटायच्या.

मग मोजणीचे साहेब आले.

विवरणपत्रातली माणसं खरोखर आहेत की नाहीत हे पडताळायला ते येणार असल्याचा निरोप आदल्या दिवशी आला. प्रत्येकाने आधार कार्ड घेऊन आपापल्या जागी बसायचं. ऐन रोवणा चाललेला. मी थोरलीला निरोप धाडला, आणि हिला म्हणालो, "बाई, उद्या येऊ नका."

"पण उद्या त शंभर बोर्ड द्यायचे हायेत न जी?"

"एक दिवस नाही दिले तर काही होत नाही."

तरी ती आलीच. थोरलीच्या हातून माल खराब होईल ही धास्ती. साहेब आत शिरले तेव्हा थोरली खुर्चीवर बसली होती, पायाला घोट्यापर्यंत चिखल, टाक्यांची सवय कधीच मोडलेली, आयर्न लाटण्यासारखं मुठीत धरलेलं. आणि ही मागे उभी राहून हळूच सांगत होती, कुठे धरायचं, कुठे नाही.

साहेब भला माणूस. त्यांनी थोरलीला विचारलं, "काय काम करता, ताई?"

"टाका मारतो जी," थोरली म्हणाली आणि मागे वळून हिच्याकडे बघितलं.

साहेबांनीही बघितलं. "आणि या कोण?"

प्रश्न मला होता. खरं उत्तर चार शब्दांचं होतं. 'साहेब, कामगार हीच आहे.' ते जिभेवर आलंही असेल. पण माझ्या डोळ्यांपुढे मागच्या सगळ्या वर्षांची विवरणपत्रं उभी राहिली, स्वच्छ, निळ्या शाईतली, प्रत्येकावर माझी सही. आणि मी म्हणालो, "या? या चहापाणी बघतात, साहेब. झाडझूड करतात."

तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच.

मग म्हणाली, "हो जी. आनतो चहा." आमच्याकडे बायाही असंच बोलतात. पदर खोचला आणि गेली.

आमच्याकडे चहापाणी बघायला कुणी कधी नव्हतंच. ती रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेली, किटली आणि ग्लास घेऊन आली. साहेबांना चहा दिला, मग मला दिला, थोरलीलाही दिला. डाव्या हाताने ओतताना ते पांढरे ठिपके माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. साहेबांनी चहा पिता पिता यादी चाळली आणि विचारलं, "चहापाण्यापुढे कुणाचं नाव नाही यात?"

"राहून गेलं असेल, साहेब."

"असं कसं? कुणीही असो, कारखान्यात काम करतं ते मोजलं पाहिजे. घ्या लिहून." त्यांनी तिला नाव विचारलं. तिने तिचं स्वतःचं नाव सांगितलं, स्पष्ट, नवऱ्याच्या नावासह. आणि मी ते लिहिलं. काम : चहापाणी व साफसफाई. वर्ग : अकुशल. माझ्या हातून तिचं नाव कागदावर उतरलं ते पहिल्यांदा, आणि असं. अक्षर छान आलं होतं. थोरलीच्या नावापुढे साहेबांनी स्वतः लिहिलं : इलेक्ट्रॉनिक जुळणी कामगार, कुशल.

साहेब गेल्यावर थोरली चपला हातात घेऊन बांधीकडे पळाली. ही खुर्चीवर बसली, आयर्न स्पंजाला टेकवलं. थंड झालं होतं. ती तापायची वाट बघत राहिली. मी जवळ जाऊन म्हणालो, "बाई, वेळच तशी आली होती."

"तुमी तरी काय करान जी," ती म्हणाली. "चहा बरा होता न? साहेबानं पुरा पेला."

मला तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिने सुनावले नाहीत आणि मी ते सोयीचं मानून घेतलं.

दोन-तीन वर्षांनी शेठ थकले. मुलांना शेडमध्ये रस नव्हता. कारखाना बंद होणार हे ठरलं, आणि त्याच सुमारास नागपूरच्या रस्त्यावर एक मोठा कारखाना उभा राहिला. विजेच्या मीटरचे बोर्ड. अनुभवी बायांना थेट मशीनवर घेत होते, गावागावांतून बस, टोपी, निळा कोट. फक्त जुन्या ठिकाणचं अनुभवाचं पत्र हवं होतं.

ती माझ्याकडे आली. "बाबूजी, एक कागद द्या."

"थोरल्या जाऊबाईंच्या नावाने?"

"नाही जी. आता भाऊ-भाऊ वेगळे झाले. चूल वेगळी झाली. बांधी त्याइकडे गेली, आमच्याकडे घर आलं. पोरगी बारावीले हाये, तिले नर्सिंगले जायचं हाये. आता मले माह्या नावाची नोकरी पायजे." मग म्हणाली, "कागदावर माहं नाव त हाये न आता? साहेबानं लिवलं होतं."

मी टाइप करायला बसलो. शेठ आतून म्हणाले, "रेकॉर्डला जे आहे तेच लिहा हं. नाहीतर मागचं सगळं उकरून काढतील." पण शेठचं नाव पुढे करण्यात अर्थ नाही. ते तर दुकान बंद करून निघाले होते. मी स्वतः त्याच नव्या कारखान्यात टाइम ऑफिससाठी अर्ज केला होता. अर्जासोबत माझी जुनी विवरणपत्रं जोडली होती, एकही खाडाखोड नसलेली. तिचं पत्र खरं लिहिलं असतं तर ती सगळी खोटी ठरली असती.

मी इंग्रजीत टाइप केलं : चहापाणी व साफसफाई, अकुशल, काम समाधानकारक. सही केली, शिक्का मारला. तिने कागद दोन्ही हातांनी घेतला, शिक्क्यावर फुंकर मारली, प्लास्टिकच्या पिशवीत घातला. "लय उपकार झाले जी." मी टेबलावरची धूळ झटकली.

नोकरी मला लागली. मुलाखतीच्या दिवशी टाइम ऑफिसच्या काचेतून मी तिला बघितलं. नवी कोरी साडी, हातात ती पिशवी. ती टेबलावर बसलेल्या मुलीला डावा हात उघडून बोटं दाखवत होती, काहीतरी सांगत होती. मुलीने कागद वाचला, मान हलवली आणि कँटीनकडे बोट केलं.

पुढची चार वर्षं रोज सकाळी तिने मला टेबलावर चहा आणून दिला.

कँटीनच्या खिडकीशी उभं राहिलं की आतलं ऐकू यायचं. मोठा तवा तापला की ती त्यावर पाण्याचे थेंब शिंपडायची, मान तिरकी करायची. "बोलला. चला जी, लागा कामाले." पलीकडच्या हॉलमध्ये निळ्या कोटातल्या शंभर पोरी टाके मारत असायच्या. विवरणपत्र भरायची पाळी माझ्यावरच आली, कँटीन कारखान्याचंच होतं, म्हणून नियमाप्रमाणे मी तिला इलेक्ट्रॉनिक्स उद्योगात मोजलं. अकरा वर्षं टाके मारले तेव्हा टाके मारणारी म्हणून ती कुठेच नव्हती, आणि पोळ्या लाटायला लागली तेव्हा पहिल्या दिवसापासून इलेक्ट्रॉनिक्समध्ये आली. ती मात्र गळ्यातलं कार्ड मला उचलून दाखवायची. "पाहा न बाबूजी, माहाच फोटो. माहंच नाव." पदर कपाळावर नव्हता. चेहरा पुरा दिसत होता.

गेल्या वर्षी थोरली माझ्या घरी आली. तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर आपटला. तिच्या नावाचं अनुभवपत्र, तेही मीच दिलेलं, कुशल कामगार, अकरा वर्षं. "हे माहं नाही. मले आता तुमचं ते आयर्न धरताबी येत नाही. हे तिचं हाये, तिले द्या. तुमाले मालूम होतं न सगळं? मंग काहून असं केलं जी तुमी?"

माझी बायको दारात उभी होती. मी तो कागद उचलून सरळ करत बसलो. थोरली पाणीही न पिता निघून गेली.

त्या आठवड्यात मी जुन्या कारखान्याचा उरलेला कोरा कागद शोधला आणि खरं पत्र लिहिलं. या वेळी मराठीत. कुशल जुळणी कामगार, अकरा वर्षं, दुसऱ्याच्या कार्डावर काम केलं, ही चूक कार्यालयाची, म्हणजे माझी. दुपारी कँटीन रिकामं झाल्यावर तिच्यासमोर ठेवलं.

तिने कागद हातात घेतला, लांब धरला, आणखी लांब धरला. "वाचून दाखवा जी. बारीक आता दिसत नाही."

मी वाचलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, मान तिरकी करून.

"बाई, आधीच्या कागदात काय लिहिलं होतं ते तुम्हाला—"

"मालूम हाये. त्याच दिवशी पोरीनं वाचून दाखवलं."

"मग तुम्ही परत का नाही आलात? भांडला का नाहीत?"

"भांडून काय, तुमची नोकरी गेली असती," ती म्हणाली. जसं काही ही साधीच गोष्ट होती. "लेकराबाळाचा माणूस तुमी."

मी म्हणालो, अजून वेळ गेलेली नाही, मी मॅनेजरशी बोलतो, तुम्हाला हॉलमध्ये घ्यायला लावतो. ती हसली. "कायले जी? वायर केसावानी, आन् मले आता केस बी दिसत नाही." तिने कागदाची नीट घडी घातली आणि माझ्यापुढे सरकवली. "हा कागद तुमालेच पायजे होता, बाबूजी. तुमीच ठेवा." मग तव्याकडे वळली.

तो कागद माझ्या खणात आहे. पोरगी नर्स झाली, तिने आईचं काम थांबवलं. यंदा रोवण्याच्या आधी बाई गळ्यातलं कार्ड जमा करून गेली. आता म्हणे दोघी जावा पुन्हा एकाच बांधीत उतरतात.

तुम्ही तिचं नाव विचाराल. मला ते पक्कं पाठ आहे. पण मी ते एकदा लिहिलंय, आणि कसं लिहिलं ते तुम्ही वाचलंत. पुन्हा लिहिण्याचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

परवा यंदाचं विवरणपत्र घेऊन बसलो. कँटीनच्या हजेऱ्या मिळवल्या, दिवसांनी भागल्या. उत्तर साडेतीन. तिघी वर्षभर होत्या आणि ती निम्मं वर्ष. पूर्ण आकडा लिहायचा म्हणून सवयीने तीन लिहिलं, आणि पेन थांबलं. शेडमधला तो आवाज अगदी जवळून आला. अर्धी कोण जी?

मी तीनवर काट मारली आणि शेजारी चार लिहिलं. माझ्या कागदावरची ती पहिली खाडाखोड. एवढं सोपं होतं ते. मी कितीतरी वेळ त्या काटेकडे बघत बसलो, आणि चहाची वेळ होऊन गेली तरी सवयीने तिच्याच चहाची वाट बघत होतो.